वेगवान कणांची साक्ष

इ. स. १९५८ च्या जानेवारी महिन्याच्या अखेरीस लंडनच्या वर्तमानपत्रांनीं एक बातमी अशा ठळक अक्षरांत छापली, कीं तसा मान एरवीं राजघराण्यांतील विवाहास किंवा युद्धसमाप्तीसच मिळावा. ऑक्सफर्डच्या दक्षिणेस हार्वेल म्हणून ठिकाण आहे. तेथील जुन्या विमानतळावरच्या एका विमानघरांत ब्रिटिश शास्त्रज्ञांनीं 'झीटा' नांवाचें एक यंत्र उभारलें होतें. आणि सूर्याच्या पोटांत चालणारी क्रिया त्या यंत्रांत घडवून आणण्यांत आपणांस बहुधा यश आलें आहे, असें संस्थेचे प्रमुख सर जॉन कॉक्रॉफ्ट यांनीं जाहीर केलें होतें. बातमीदारांनीं फारच छेडलें, तेव्हां आपली खात्री शंभरांत नव्वद हिश्शांची आहे, असें ते म्हणाले. उरलेल्या दहा हिश्शांकडे त्या दिवशीं कोणाचें लक्ष गेलें नाहीं. पुढें चार महिने लोटले नाहींत, तोंच ते दहा हिस्से खरे आणि नव्वद खोटे ठरले, व मे महिन्यांत हार्वेलला आपला दावा मागें घ्यावा लागला.

हा प्रसंग बहुधा फजितीचा नमुना म्हणून सांगण्यांत येतो. मला त्यांत फजितीपेक्षां निराळेंच कांहीं दिसतें. यंत्र खोटें नव्हतें. त्यांतून निघालेले न्यूट्रॉन खोटे नव्हते. ते मोजणारे लोक तर प्रामाणिक होतेच. चूक झाली ती साक्षीचा अर्थ लावण्यांत. यंत्रांतील अफाट गर्दीमधल्या मूठभर वेगवान कणांनीं दिलेली साक्ष ही साऱ्या गर्दीची साक्ष समजली गेली. त्यानंतरच्या साठांहून अधिक वर्षांत या मूठभर कणांचा माग काढणें हेंच पदार्थविज्ञानाच्या एका शाखेचें जीवितकार्य होऊन बसलें आहे. त्या मागाची हकीकत येथें सांगावयाची आहे.

प्रथम मूळ गोष्ट. हायड्रोजनचे दोन अणुगर्भ एकमेकांशीं जोडावयाचे, म्हणजे त्यांच्यांतील विद्युत्-विरोधावर मात करावयाची. दोहोंवरही धनविद्युत् असल्यामुळें जवळ येतांच ते एकमेकांस दूर ढकलतात. फार मोठ्या वेगानें आदळले तरच मिळून जातात, आणि मिळतांना पुष्कळ शक्ति बाहेर टाकतात. प्रयोगशाळेंत साधा हायड्रोजन या कामीं उपयोगी पडत नाहीं. त्याचे जड भाऊबंद, ड्यूटेरियम आणि ट्रिटियम, घ्यावे लागतात. हा वायु तापवीत गेलें म्हणजे अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि मोकळ्या विद्युत्कणांचा एक लोळ तयार होतो. इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूस आयन म्हणतात, आणि या साऱ्या लोळास अर्व्हिंग लँगम्यूर या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९२८ सालीं 'प्लाझ्मा' हें नांव दिलें. भांड्याच्या भिंतीस हा लोळ टेकला तर भिंत बिघडते आणि लोळही क्षणांत थंड पडतो. म्हणून त्यास चुंबकाच्या अदृश्य कुंपणांत कोंडून ठेवावें लागतें.

आतां तपमान म्हणजे काय? कणांच्या धांवपळीची ती एक प्रकारची सरासरी. पण सरासरी ही मोठी लबाड वस्तु आहे. एखाद्या खेड्यांत नव्याण्णव कुणबी आणि एक गबर सावकार असला, तर दरडोई उत्पन्न काढणारा मामलेदार तें खेडें सुखवस्तु असल्याचा निर्वाळा देऊन मोकळा होईल. प्लाझ्माचेंही असेंच आहे. गर्दी थंड असली, पण तिच्यांतील थोडे आयन एखाद्या विद्युत्-क्षेत्राच्या धक्क्यानें भरधांव सुटले, तर तेवढे थोडे इतरांवर आदळून संमीलन घडवितात व न्यूट्रॉनही निघतात. बाहेर उभा असलेला मनुष्य न्यूट्रॉन मोजतो आणि म्हणतो, ओंडका पेटला. प्रत्यक्षांत मात्र ओंडका ओलाच असतो. वर चार ठिणग्या उडालेल्या असतात. अशा ठिणग्यांवर कितीही खर्च केला, तरी घातलेल्या शक्तीहून अधिक शक्ति पदरांत पडत नाहीं. आणि या सर्व खटाटोपाचा हेतु तर तोच.

झीटा म्हणजे अंगठीसारखी वळवलेली, एक मीटर व्यासाची एक धातूची पोकळ नळी होती. तींत ड्यूटेरियम भरून प्रचंड विद्युत्प्रवाह सोडीत. १९५७ च्या ऑगस्टमध्यें यंत्र सुरू झालें आणि त्याच महिन्याच्या अखेरीस न्यूट्रॉन दिसूं लागले. तपमान पन्नास लाख अंशांच्या घरांत असावें, असा हिशेब मांडण्यांत आला. त्या काळची हवाच अशी होती, कीं शंका घेणें कोणास सुचूं नये. १९५५ च्या ऑगस्टमध्यें जिनीव्हा येथें अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांविषयीं पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हां तिचे अध्यक्ष, मुंबईंत जन्मलेले डॉ. होमी भाभा, यांनीं अध्यक्षपदावरून असें भाकित केलें होतें, कीं येत्या दोन दशकांत अणुसंमीलनाची शक्ति ताब्यांत आणण्याची युक्ति मनुष्यास सांपडेल. मोठी राष्ट्रें हें काम गुप्तपणें करीत होतीं. भाभांच्या भाषणानें तें चव्हाट्यावर आलें. तशांत १९५७ च्या ऑक्टोबरांत रशियानें स्पुट्निक उडविला. आपल्याही पदरीं एखादा पराक्रम असावा, असें ब्रिटनला वाटलें असल्यास नवल नाहीं.

नवल आहे तें निराळ्या गोष्टीचें. १९५६ च्या एप्रिलमध्यें क्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन ब्रिटनच्या भेटीस आले, तेव्हां त्यांच्याबरोबर रशियाच्या अणुसंशोधनाचे धुरीण इगोर कुर्चातोव्ह हेही आले होते. त्यांनीं हार्वेलमध्येंच व्याख्यान दिलें. त्यांत त्यांनीं स्पष्ट सांगितलें होतें, कीं आमच्याही विद्युत्-नळ्यांतून न्यूट्रॉन निघाले. आम्हांसही प्रथम हर्ष झाला. परंतु ते उष्णतेमुळें निघालेले न्यूट्रॉन नव्हते. म्हणजे नेमक्या खड्ड्याची वर्दी नेमक्या त्याच गांवीं, दीड वर्ष आधीं, देऊन झाली होती! ऐकणारे काय हलके लोक होते? मुळींच नाहीं. पण दुसऱ्याच्या अनुभवानें शहाणें होणें विद्वानांसही जड जातें.

खरा मान द्यावयाचा तो हार्वेलच्याच बेसिल रोझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांस. त्यांनीं न्यूट्रॉन किती निघतात हें मोजण्यावर समाधान न मानतां प्रत्येक न्यूट्रॉन किती जोरानें निघतो हें एका बाष्पकोष्ठांत मोजावयास घेतलें. युक्तिवाद अगदीं साधा. सारी गर्दीच तापलेली असेल, तर आयन चोहोंकडे सारखेच धांवतील, आणि नळीच्या दोन्ही अंगांनीं निघणाऱ्या न्यूट्रॉनांचा जोर सारखाच भरेल. परंतु थोडे आयन प्रवाहाच्या एकाच दिशेनें पळत असतील, तर पुढच्या अंगास निघणारा न्यूट्रॉन अधिक जोराचा आणि मागच्या अंगास निघणारा कमी जोराचा असेल. रोझ यांना हाच फरक आढळला. मग त्यांनीं यंत्रांतील प्रवाहाची दिशा उलट करविली, फरकही उलटला. वादास जागाच उरली नाहीं. आपल्याच घरच्या जयघोषांत असा प्रयोग करणें आणि त्याचा निकाल छापणें यास कॉक्रॉफ्टच्या यंत्राइतकेंच, किंबहुना अधिक, धैर्य लागतें.

आम्ही इतिहास शिकविणारे लोक बखरींतील गोष्ट आणि दप्तरांतील पत्र यांत भेद करावयास शिकलों, तो राजवाड्यांच्या पिढीपासून. बखर सरासरी सांगते. पत्र एका दिवसाचें, एका माणसाचें असतें. रोझ यांनीं केलें तें याहून फार वेगळें नव्हतें, असें मला नेहमीं वाटत आलें आहे.

यानंतर दहा वर्षांनीं हाच खटला पुन्हां उभा राहिला. या वेळीं आरोपी रशिया होता आणि संशयित कण आयन नसून इलेक्ट्रॉन होते. १९६८ च्या ऑगस्टमध्यें नोव्होसिबिर्स्क येथील परिषदेंत लेव्ह आर्त्सिमोव्हिच यांनीं सांगितलें, कीं मॉस्कोच्या कुर्चातोव्ह संस्थेंतील टी-३ या यंत्रांत इलेक्ट्रॉनांचें तपमान एक कोटि अंशांच्या घरांत गेलें आहे. टी-३ हें 'टोकामाक' जातीचें यंत्र; त्याची मूळ कल्पना साखारोव्ह आणि ताम यांची. पाश्चात्त्य शास्त्रज्ञ एकदां पोळलेले. त्यांनीं लगेच विचारलें, कीं हें तपमान साऱ्या गर्दीचें कशावरून? थोड्या भरधांव इलेक्ट्रॉनांनीं तुमच्या मापकास फसविलें नसेल कशावरून?

यावर आर्त्सिमोव्हिच यांनीं वाद घातला नाहीं. त्यांनीं ब्रिटनच्या कलहॅम प्रयोगशाळेस निरोप धाडला, कीं तुमचीं साधनें घेऊन या आणि तुम्हीच मोजा. त्याच महिन्यांत रशियाच्या फौजा चेकोस्लोव्हाकियांत शिरल्या होत्या, आणि कुर्चातोव्ह संस्था म्हणजे रशियाच्या अण्वस्त्रांचें माहेरघर. हें लक्षांत घेतलें म्हणजे या निमंत्रणाची थोरवी कळते. १९६९ सालीं पीकॉक, रॉबिन्सन, फॉरेस्ट व विल्कॉक हे चौघे ब्रिटिश संशोधक सुमारें पांच टन सामान घेऊन मॉस्कोस राहिले. माणिकाच्या लेसरचा लखलखीत झोत त्यांनीं प्लाझ्मांतून सोडला. इलेक्ट्रॉनांवर आपटून विखुरलेल्या किरणांचा रंग, इलेक्ट्रॉनाच्या वेगाप्रमाणें, किंचित् इकडे किंवा तिकडे सरकतो. तो किती सरकला आणि कोणत्या रंगाचे किरण किती आले, याचा आलेख काढला, म्हणजे सरासरीमागें दडलेली सारी गर्दी डोळ्यांपुढें उभी राहते. गर्दी खरोखरच तापलेली होती. त्या वर्षींच्या नोव्हेंबरांत 'नेचर' नियतकालिकांत निकाल प्रसिद्ध झाला, आणि पुढच्याच वर्षीं अमेरिकेंतील प्रिन्स्टन येथें आपलें जुनें यंत्र मोडून टोकामाक करण्यांत आला. एका मोजणीनें साऱ्या जगाची वाट बदलल्याचीं उदाहरणें विरळा. त्यांतलें हें एक.

येथवर वेगवान कण हे केवळ तोतये होते. पुढें मात्र त्यांचे दिवस पालटले. टोकामाकमध्यें विद्युत्प्रवाहानें प्लाझ्मा तापतो, पण एका मर्यादेपर्यंतच. तेव्हां अशी युक्ति निघाली, कीं हायड्रोजनच्या किंवा ड्यूटेरियमच्या आयनांस बाहेरच जोरानें पळवावें, मग त्यांस इलेक्ट्रॉन परत देऊन उदासीन करावें, म्हणजे चुंबकाचें कुंपण त्यांस अडवीत नाहीं. आंत गेल्यावर ते पुन्हां इलेक्ट्रॉन गमावून आयन होतात, कुंपणांत सांपडतात, आणि आपला वेग हळूहळू गर्दीस वांटून देतात. अशा उदासीन शलाकांच्या जोरावर प्रिन्स्टनच्या यंत्रांत १९७८ सालीं आयनांचें तपमान सहा कोटि अंशांवर गेलें. ज्या कणांनीं हार्वेलला तोंडघशीं पाडलें, त्यांच्याच जातभाईंस आतां मुद्दाम बोलावणें जाऊं लागलें.

आणि अखेरची आशाही अशाच एका वेगवान कणावर आहे. ड्यूटेरियम व ट्रिटियम मिळालीं, म्हणजे एक न्यूट्रॉन आणि एक हीलियमचा अणुगर्भ, म्हणजे आल्फा कण, निघतो. न्यूट्रॉनावर विद्युत् नसल्यामुळें तो कुंपण ओलांडून निघून जातो. आल्फा कण मात्र आंतच राहतो. एकंदर शक्तीचा पांचवा हिस्सा त्याच्याजवळ असतो आणि जन्मतः त्याचा वेग सेकंदास सुमारें १३ हजार किलोमीटर असतो. ही शक्ति त्यानें गर्दीस वांटली, तर भट्टी आपल्याच उष्णतेवर चालूं शकते. तो वांटण्यापूर्वींच निसटला, तर भट्टी विझली.

निसटतो काय? या प्रश्नानें १९८० नंतरच्या संशोधकांची झोंप उडविली. प्रिन्स्टनच्या पीडीएक्स यंत्रांत जोरदार शलाका सोडल्या असतां चुंबकमापकाच्या आलेखावर एक चमत्कारिक नक्षी वारंवार उमटूं लागली. आणि तितक्या वेळां वेगवान आयनांचा बराच भाग कुंपणाबाहेर फेकला जाई. १९८३ सालीं हा शोध प्रसिद्ध झाला. ती नक्षी माशाच्या सांगाड्यासारखी दिसे, म्हणून 'फिशबोन' हेंच नांव तिला पडलें. कोंकणांतील वाचकांस तिचें चित्र मनांत आणण्यास श्रम पडूं नयेत. दुसरें संकट आल्फव्हेन-लहरींचें. हान्नेस आल्फव्हेन या स्वीडिश शास्त्रज्ञानें १९४२ सालींच दाखविलें होतें, कीं चुंबकीय रेषा ताणलेल्या तारांसारख्या असतात आणि त्यांवरून कंप धांवतात. वेगवान आयनाचा वेग या लहरींच्या वेगाशीं जुळला, कीं झोपाळ्यास योग्य वेळीं झोका द्यावा तसा तो लहरीस जोर देतो, आणि ती लहर मग आयनांस जागचे हलवते. १९९१ सालीं प्रिन्स्टनच्या टीएफटीआर आणि कॅलिफोर्नियांतील डीआयआयआय-डी या दोन्ही यंत्रांत हें प्रत्यक्ष दिसून आलें.

आतां नुसता संशय पुरेना. कोणते आयन, कोठें आणि किती वेगानें आहेत, हें जाणणें भाग पडलें. लेनिनग्राडच्या योफे संस्थेंतील संशोधकांनीं १९६० च्या सुमारास एक साधन केलें होतें: प्लाझ्मांतील एखादा आयन वाटेंत इलेक्ट्रॉन मिळवून उदासीन झाला, तर कुंपणांतून सुटून बाहेर येतो, त्यास दारांत गांठून त्याचा वेग मोजावा. साधन उत्तम, पण तें पळून आलेल्यांचीच जबानी घेतें. आंत राहिलेल्यांचें काय?

या प्रश्नावर आयुष्य वेंचलेल्या संशोधकांत विल्यम हायडब्रिंक यांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागेल. हे प्रिन्स्टनचे विद्यार्थी, पुढें कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन शाखेंत प्राध्यापक. आल्फव्हेन-लहरींच्या १९९१ च्या शोधांतही त्यांचा वाटा होता. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००४ सालीं सॅन डिएगो येथील डीआयआयआय-डी यंत्रावर एक नवी पद्धति मांडली. तिचें मर्म असें. वेगवान आयनास उदासीन शलाकेंतील एखादा अणु भेटला, तर आयन त्याचा इलेक्ट्रॉन हिरावून घेतो. असा मिळविलेला इलेक्ट्रॉन पुष्कळदां वरच्या कक्षेंत बसतो आणि खालीं उतरतांना प्रकाश टाकतो. हा प्रकाश हायड्रोजनची ती प्रसिद्ध तांबडी रेषा. बाझलच्या बाल्मर नांवाच्या शाळामास्तरानें साठीच्या उंबरठ्यावर, १८८५ सालीं, तिचें व तिच्या बहिणींचें गणित सोडविलें. त्यापूर्वीं १८६८ च्या खग्रास ग्रहणांत गुंटूर येथें जान्सेन या फ्रेंच ज्योतिषानें सूर्याच्या कडेवरील ज्वाळांचें पृथक्करण केलें, तेव्हां त्याला दिसला तोही हायड्रोजनचाच प्रकाश. स्थिर अणूच्या बाबतींत या रेषेची तरंगलांबी सुमारें ६५६ नॅनोमीटर असते. पण ८० हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टांचा ड्यूटेरियमचा अणु सेकंदाला सुमारें २८०० किलोमीटर पळतो. मुंबईहून हावड्यास पोचून तो सेकंद संपण्यापूर्वीं बराच पुढें गेलेला असेल. तो पाहणाऱ्याकडे येत असेल तर त्याचा प्रकाश निळ्या बाजूस, दूर जात असेल तर तांबड्या बाजूस, सुमारें सहा नॅनोमीटर सरकतो. म्हणून रेषेच्या मध्याकडे न पाहतां तिच्या दूरच्या कडांकडे पाहावें. तेथें जो अंधुक प्रकाश आहे, तो वेगवान आयनांचा.

सांगावयास हें सोपें. प्रत्यक्षांत त्या कडांवर कितीतरी दुसऱ्या प्रकाशांची गर्दी असते: काठावरच्या थंड ड्यूटेरियमचा झगझगाट, खुद्द शलाकेचा उजेड, भिंतींतून आलेल्या कार्बनच्या रेषा, आणि इलेक्ट्रॉनांच्या टकरींतून निघणारा सर्वत्र पसरलेला मंद प्रकाश. यांतून हवा तेवढा वेंचावयाचा, म्हणजे वरातींतील बॅंडांत एकाच सनईचा सूर ऐकावयाचा. त्यांनीं शलाका क्षणभर चालू, क्षणभर बंद करावयाची आणि दोन्ही वेळचे वर्णपट एकमेकांतून वजा करावयाचे, हा मार्ग धरला. शलाकेशिवायही जो दिसतो तो प्रकाश आपला नव्हे. उरतो त्यांतून शलाकेचा स्वतःचा उजेड वगळला, म्हणजे आपला. शिवाय ही मोजणी शलाका व दृष्टिरेषा जेथें छेदतात तेवढ्याच जागेची असते, म्हणून निरनिराळ्या दृष्टिरेषा लावून आयन कोठें दाटले आहेत आणि कोठें विरळ, हेंही कळतें. २००७ सालीं या पद्धतीचें फळ दिसलें. गणिताप्रमाणें वेगवान आयनांची दाटी प्लाझ्माच्या गाभ्यांत असावयास हवी होती. आल्फव्हेन-लहरी उठलेल्या असतां तेथील रास सपाट झालेली आढळली. लहरींनीं आयन मध्यावरून ओढून बाहेरच्या अंगास नेले होते. पूर्वीं जें अनुमान होतें, तें आतां नकाशावर आलें.

या पद्धतीसही एक मर्यादा आहे. सरकलेला रंग फक्त पाहणाऱ्याच्या रोखाचा वेग सांगतो. तिरकस पळणाऱ्या जलद आयनाचा आणि समोरून येणाऱ्या मंद आयनाचा रंग एकच भरूं शकतो. म्हणून डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठांतील मिर्को सालेव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं म्यूनिचजवळील गार्शिंगच्या यंत्रावर अनेक दिशांनीं घेतलेले वर्णपट एकत्र करून, वैद्य लोक शरीराचें आंतील चित्र काढतात त्याच गणितानें, वेगांचें चित्र काढावयास आरंभ केला. एका साक्षीदारावर न विसंबतां पांच जणांच्या जबान्या ताडून पाहाव्या, तसें हें आहे.

ब्रिटनमधील जेट यंत्रानें ड्यूटेरियम-ट्रिटियम वापरून १९९७ सालीं सोळा मेगावॉट शक्ति क्षणभर दाखविली, आणि २०२३ च्या डिसेंबरांत तें कायमचें बंद झालें. आतां साऱ्यांची दृष्टि फ्रान्समध्यें कादाराश येथें उभारल्या जाणाऱ्या ईटर यंत्राकडे आहे. पन्नास मेगावॉट उष्णता घालून पांचशें मेगावॉट काढावयाचे, असा त्याचा संकल्प. म्हणजे शंभर मेगावॉट आल्फा कणांच्या हातीं राहणार. बाहेरून घातलेल्या उष्णतेच्या दुपटीचा व्यवहार या कणांवर सोंपवावयाचा असल्यामुळें त्यांच्यावर पाळत ठेवण्याचा खर्च आणि खटाटोप समर्थनीय आहे, असें मला वाटतें.

या पाळतींत भारतासही एक चौकी मिळाली आहे. २००५ च्या डिसेंबरांत भारत ईटरमध्यें सामील झाला, आणि गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेकडे आलेल्या कामांत एका हायड्रोजनच्या शलाकेचें काम आहे. एक लाख व्होल्टांची ही शलाका भट्टी तापविण्यासाठीं नाहीं. केवळ पाहण्यासाठीं आहे. नवजात आल्फा कण इतका भरधांव असतो, कीं तिच्याकडून तो सहसा इलेक्ट्रॉन घेत नाहीं. त्याच्या मागावर सूक्ष्मलहरींचा झोत सोडून विखुरलेल्या लहरी तपासण्याची योजना निराळी आहे. गांधीनगरच्या शलाकेस भेटतील ते शक्ति वांटून दमलेले, राख झालेले हीलियमचे कण. ते भट्टींत किती सांचले, हें त्यांच्या प्रकाशावरून ओळखावयाचें. २०२४ सालीं जाहीर झालेल्या वेळापत्रकाप्रमाणें ईटरमधील संशोधनास २०३४ त आरंभ होऊन ट्रिटियमचे प्रयोग २०३९ सालीं सुरू व्हावयाचे आहेत. ही राख मोजण्याचा खरा प्रसंग त्यानंतर येईल.